कुकरला शिकवणारी शिवलीला

आमच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहणारी शिवलीला कुकरला संगणकशास्त्र शिकवते.

मुलगी मंद्रूपची, आईला अव्वा म्हणणारी. एम.टेक. करते. प्रोग्रॅम अडला, की तीन लिटरचा कुकर समोर ठेवते आणि त्याला एकेक ओळ समजावून सांगते. "बघ, हितं यादी घेतली. आता पुढं काय?" शिट्टीकडे बघत, अगदी मान देऊन. भात मात्र त्या कुकरनं कधी पाहिलेला नाही. ती कडक भाकरी आणि शेंगाचटणीवर जगते.

"अगं, मला सांग की," मी एकदा म्हणाले.

"आपली चूक आपल्याला दिसत न्हाय, आज्जी. दुसऱ्याला सांगताना दिसती."

"मग मी दुसरी नाही का?"

"तुमी मधे बोलता."

मोजते ती शून्यापासून. "दोन नंबरची पायरी हलती" म्हणाली, म्हणून मी दुसरी पायरी पक्की करून घेतली. हलत होती तिसरी. गवंडी अजून मला बघून हसतो.

छंद रविवारचा. वही घेऊन एसटी स्टँडवर बसायचं आणि एकही रस्ता दोनदा न तुडवता जिल्ह्यातली सगळी गावं कशी फिरायची, हे कोडं सोडवायचं. मंगळवेढ्याची गाडी, अक्कलकोटची गाडी, सगळ्या टिपते. मंद्रूपची तर नाकासमोरून सुटते. ही चढत नाही. "वेळ न्हाय, आज्जी." स्टँडवर चार तास बसायला वेळ आहे, तासाभराच्या गावाला नाही.

तिला हसायचा अधिकार मला नाही. एकोणिसाव्या वर्षी मी चादरीच्या कारखान्यात होते. नक्षीच्या प्रत्येक ओळीचा भोकं पाडलेला एक पुठ्ठा असायचा. ते पुठ्ठे क्रमानं दोऱ्यात ओवले, की मागावर मोर उतरायचा. ओवायचं काम माझं. दोन वेण्या, नाक वर, आणि कारखाना आपल्याच डोक्यावर चालतो अशी समजूत. एके दिवशी मोर उतरला तो पाय मानेवर घेऊन. मी तिथल्या तिथे जाहीर केलं, "अंबय्याचा माग बिघडलाय." अंबय्या विणकर, कमी बोलणारा. मालकाची बोलणी त्यानं मुकाट्यानं खाल्ली.

'अंबय्याचा मोर' हा किस्सा मी पन्नास वर्षं रंगवून सांगते. शिवलीलेलाही तीनदा ऐकवलाय. ती दरवेळी एकच विचारते, "पुठ्ठे तपासले होते का, आज्जी?" मी दरवेळी चहा ठेवायला उठते.

गेल्या महिन्यात, माझ्या कुकरची रिंग गेली असं सांगून, मी तिचा कुकर खाली आणला. रिंग धडधाकट होती. पण ती त्याला रोज काय सांगते, ते मला एकदा ऐकायचं होतं.

सकाळी अकराला ती लॅपटॉप घेऊन खाली आली. कुकर गॅसवर, आत तूरडाळ.

"तो कामात आहे," मी म्हणाले. "मला सांग. मधे बोलणार नाही."

ती बसली. मी पदराचं टोक तोंडात धरलं. यादी, अट, फेरा, पुन्हा यादी. मला ओ की ठो कळलं नाही. चाळिसाव्या ओळीपाशी ती थांबली आणि त्याच आवाजात पुढं सांगू लागली.

"हितं मी घरी सांगितलं, पास झाले म्हणून. आमच्या अव्वानं गल्लीत पेढे वाटले. प्रोजेक्ट तर अजून अडकलाय. गावात गेलं की सगळी विचारणार, नोकरी कुटं लागली? मग गेलेच न्हाय. आठ महिने झाले."

तीन शिट्ट्या झाल्या. डाळ लागल्याचा वास आला. मी उठले नाही, बोललेही नाही.

ती म्हणाली, "चूक हितं हाय, आज्जी." लॅपटॉप तिनं केव्हाच मिटला होता.

रविवारी ती वही न घेता निघाली. मंद्रूपला. जाताना घासून लख्ख केलेला कुकर माझ्या ओट्यावर ठेवला.

"ह्यो राहू दे तुमच्याकडं."

"मला कशाला? माझी रिंग चांगली आहे," मी बोलून गेले.

"ते ठाव हाय की मला. पण मी नसताना तुमी बोलणार कुणाशी?"

तिची गाडी सुटली असेल, तेवढा वेळ जाऊ दिला. मग कुकर समोर ओढला आणि शिट्टीकडे बघून म्हणाले, "अंबय्या, पुठ्ठे मीच उलटसुलट ओवले होते."

कुकर मधे बोलला नाही.