चुकीला लिमलेटची गोळी

पठाण सरांच्या वर्गात बरोबर उत्तराला काहीच मिळत नाही. चुकीच्या उत्तराला लिमलेटची गोळी मिळते.

मला हे कुणी आधी सांगितलं नव्हतं. मी डी.एल.एड.ची विद्यार्थिनी. गाव पिशोर, आणि घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. हर्सूलच्या शाळेत इंटर्नशिपला चौथीचा वर्ग मिळाला तेव्हा आईनं फोनवर तीनदा विचारलं होतं, "पोरं तुला मॅडम म्हणत्यात ना?" म्हणणं राहिलं बाजूला, पहिल्या दिवशी पोरांचं माझ्याकडं लक्षसुद्धा नव्हतं. एक जण सरांपुढं हात पसरून ओरडत होता, "सर, दोन आणि दोन सतरा!"

सरांनी चष्म्यावरून बघितलं. "ही चूक नाय बेटा, ही बदमाशी. गोळी इमानदारीच्या चुकीला असते."

इमानदारीची चूक म्हणजे डोकं लावून, खरं वाटलं म्हणून केलेली. सरांच्या शर्टाच्या खिशात गोळ्याच असतात. पेन ते पोरांकडून मागून घेतात.

त्यांचं दुसरं वाक्य, "मला काय मालूम? मोजा." मैदानातला लिंब किती उंच, दप्तर कुणाचं जड, शाळेपासून दर्गा किती पावलं, काहीही विचारा, सरांना माहीत नसतं. एकदा मुख्याध्यापकांनी विचारलं, "पठाण सर, या महिन्यात किती रजा झाल्या तुमच्या?" सर सवयीनं म्हणाले, "मला काय मालूम? मोजा." मुख्याध्यापकांनी मोजल्या. तेव्हापासून सर ऑफिसात जरा जपून बोलतात.

मला वर्गाकडून एक प्रकल्प करून घ्यायचा होता, त्याला गुण होते. आठवडाभर खपून मी थर्माकोलचं जलचक्र केलं, कापसाचे ढग चिकटवले. म्हणजे प्रकल्प पोरांचा आणि सगळं केलेलं मी. सरांनी ते चारी बाजूंनी पाहिलं.

"लई भारी, मॅडम. ढग तर एक नंबर. पण आपल्या गल्लीत नळाला पाणी कधी येतं?"

वर्गात एकच गलका झाला. "पाचव्या दिवशी!" "नाय, आठव्या!" "आमच्याकडं तर येतच नाय!"

सर काय म्हणाले ते सांगायला नको. माझे ढग कपाटावर गेले.

मग पोरांनी दोन महिने पाणी मोजलं. जुन्या कॅलेंडरांच्या पाठीवर तक्ते झाले. कुठल्या गल्लीत कोणत्या वारी, किती वाजता, किती वेळ. तक्त्यांची मालकीण सोनाली. ती पट्टी हातात असल्याशिवाय बोलतसुद्धा नाही. दोन गटांचे आकडे जुळले नाहीत की आधी भांडण व्हायचं, मग दोन्ही गट जाऊन शेजाऱ्यांना विचारून यायचे. माझ्या पुस्तकात या सगळ्याला एकविसाव्या शतकातली कौशल्यं म्हणतात. सर म्हणायचे, "पोरं जरा गप बसतात, मॅडम, एवढंच."

शेवटी सोनालीनं फाटकाजवळच्या फळ्यावर "पाण्याचा अंदाज" लिहायला सुरुवात केली. तीन वेळा तो बरोबर निघाला. बाया भाजीच्या पिशव्या घेऊन फळ्यापाशी थांबायला लागल्या. चौथ्या वेळी तिनं लिहिलं, "बुधवारी".

बुधवार कोरडा गेला. गुरुवारी दुपारी सोनालीची आई वर्गाच्या दारात उभी.

"सर, तुमच्या फळ्याच्या भरवशावर मी मंगळवारी चार गोधड्या धुतल्या! आता माणसांना काय गोधड्या पिळून पाजू?"

वर्ग हसला. सोनाली हसली नाही. उठून तिनं भिंतीवरचा तक्ता काढला आणि त्याची गुंडाळी केली.

सरांनी खिशातून गोळी काढली. "इमानदारीची चूक आहे बेटा. घे."

"नको मला. गोळीनं आईचं पाणी भरतंय का? मी आता अंदाज सांगणारच नाय. कधीच."

सरांनी गोळी टेबलावर ठेवली. मी ती उचलून पर्समध्ये टाकली. का, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.

शाळा सुटल्यावर सर सोनालीला न्यायला आलेल्या तिच्या आईला म्हणाले, "ताई, कळश्या घेऊन चला माझ्यासंगं. मॅडम, तुम्हीबी."

सोनालीही आईमागं निघाली. सरांचं घर शाळेच्या मागच्याच गल्लीत. दार उघडलं आणि आम्ही उंबऱ्यातच थांबलो. पाय ठेवायला जागा नव्हती. तीन ड्रम, हंडे, घागरी, बादल्या, पातेली, सगळं काठोकाठ भरलेलं. चहाची किटलीसुद्धा. खिडकीत दोन पेले, तेही भरून, वर झाकण.

सोनालीनं सवयीनं मोजायला सुरुवात केली, मग थांबली. "सर, तुमच्या घरी माणसं किती?"

"एक."

"मग एवढं पाणी?"

मला वाटलं, आता सर नेहमीचं वाक्य म्हणतील. ते किटलीचं झाकण नीट बसवत राहिले.

"हिचा हुकूम होता. नळ आला की घरातलं एकबी भांडं रिकामं दिसलं नाय पाहिजे. तीन वर्षं झाली तिला जाऊन." ते थोडं हसले. "हुकूम मागं कुणी घेतलाच नाय."

सोनालीची आई पदर सारखा करत राहिली. मी खाली बघितलं. सोनालीनं मात्र माझा हात ओढला. "मॅडम, ती गोळी आहे का?"

मी पर्समधून काढून दिली. तिनं ती सरांपुढं धरली.

"एका माणसाला एवढं भरणं चूकच आहे, सर. पण इमानदारीची आहे."

सरांनी गोळी घेतली. कागद सोडवायला त्यांना बराच वेळ लागला.

मग आम्ही कळश्या भरल्या आणि रांगेनं निघालो. पुढं आई, मध्ये मी, मागं सर आणि छोटी घागर घेतलेली सोनाली. कोपऱ्यावर आल्यावर ती म्हणाली, "सर, आपण पाणी सोडणाऱ्या काकांना विचारलंच नव्हतं. तिथंच चुकलं." आणि दोन पावलांनी, कुणी न विचारता, "माझा अंदाज, शनिवारी येईल."

सरांच्या गालात गोळी होती, त्यामुळं शब्द नीट फुटले नाहीत.

"मला काय मालूम," ते म्हणाले. "शनिवारी ये माझ्या घरी. दोघं मिळून मोजू."