पिपरडोहचा कोरम

अनंत ग्रामसेवकाला कायदा तोंडपाठ होता. धरमपेठेतल्या घरी वरणात मीठ कमी पडलं तरी तो कलम सांगायचा! कन्हानजवळच्या पिपरडोहला बदली झाली तशी त्यानं बायकोसमोर छाती फुगवली. "शंभर माणसं जमली नाहीत तर ग्रामसभा तहकूब होते म्हणतात. माझी होणार नाही! मी दीडशे जमवतो!"

"आपल्या गृहप्रवेशाला तरी कोण आलं होतं?" अस्मिता म्हणाली.

पण सभा खरंच महत्त्वाची होती. शाळेच्या वाटेवरच्या नाल्यावर पूल हवा होता. त्याचा ठराव त्याच दिवशी तालुक्याला पोचला नाही, तर यंदाही पोरं पावसाळाभर दप्तर डोक्यावर घेऊन कमरेइतक्या पाण्यातून जाणार होती.

सकाळीच अनंतनं शिपाई गोविंदाला ऑटोवर भोंगा लावून गावात पिटाळलं. "गोविंदाभाऊ, खणखणीत सांगा. आज कोरम भरायचा आहे!"

गोविंदानं असं खणखणीत सांगितलं की नाल्यापलीकडच्या म्हशी उठून उभ्या राहिल्या! "आज ग्रामसभा हो! सगळ्याईनं यायचं! कोरम भरायचा आहे हो!"

गाव हादरलं. इंदूबाईनं हातातलं लाटणं टाकलं आणि शेजारणीला हाक मारली. "काय वं तारा, हा कोरम कायचा? घरपट्टी भरली, पाणीपट्टी भरली, दिवाबत्ती भरली!"

"नवीन निघाला असन. तू आधी दार लाव वं!"

बघता बघता गावातली दारं धडाधड लागली. कोणी वावरात गेलं, कोणाला एकाएकी सासुरवाडी आठवली. सभेच्या वेळी मंडपात तिघंच होती. सरपंच कौसल्याबाई, अनंत आणि सावलीला बसलेली एक शेळी.

"साहेब, हिले मोजता येत नाही," कौसल्याबाई म्हणाल्या आणि तरातरा गल्लीत गेल्या. एक दार वाजवलं. "काहून येऊन नाही राहिले गा सभेले?"

आतून आवाज आला, "बाई, पुढच्या महिन्यात भरतो!"

मागोमाग आलेल्या अनंतनं हे ऐकून कपाळावर हात मारला. तेवढ्यात गोविंदाचा ऑटो परतला. "अहो, कोरम म्हणजे कर नाही! कोरम म्हणजे माणसं! गोविंदाभाऊ, पळा! सांगा की कोणाला काही भरायचं नाही, नुसतं सभेला येऊन बसायचं आहे!"

एवढं लांबलचक गोविंदाला जमेना. त्यानं आपल्या बुद्धीनं छाटलं. "कोरम माफ झाला हो! कोरम माफ!"

फटाफट कड्या निघाल्या! वावरातली माणसं धावत आली. कोणी डफ काढला, कोणी झेंडूचे हार. इंदूबाई नारळ घेऊन आली. "सरपंचबाई जिंदाबाद! साहेब जिंदाबाद!" अनंतच्या गळ्यात एवढे हार पडले की तो वरातीतल्या नवरदेवासारखा दिसू लागला.

"मंडळी, तुमचा गैरसमज..." त्यानं सुरुवात केली.

कौसल्याबाईंनी त्याची बाही धरली. "साहेब, आधी मोजा. मग समजावा."

त्यानं मोजलं. शंभराच्या कितीतरी पुढे! कौसल्याबाईंनी विचारलं, "नाल्यावर पूल पाहिजे का?" सगळा मंडप गरजला, "पाहिजे!" शेळी दावं तोडून पळाली. हात वर झाले, सह्या झाल्या, आणि कौसल्याबाई ठराव पदराखाली घेऊन स्वतःच स्कूटीवर तालुक्याला निघाल्या.

अनंतचा आनंद पोटात मावेना. त्यानं माईक ओढला. "मंडळी, कोरम भरला!"

डफ थांबला. सगळे एकमेकांकडे बघू लागले. इंदूबाई गर्दीतून वाट काढत पुढे आली.

"माफ होता ना? मग भरला कोणं?"

"तुम्हीच भरला, आजी! सगळ्यांनी मिळून!"

"मी पण?"

"तुम्ही पण!"

इंदूबाईनं हात पुढे केला. "मग पावती दे गा."

अनंतनं मदतीसाठी कौसल्याबाईंना शोधलं. स्कूटी केव्हाच दिसेनाशी झाली होती. आणि मागून भोंगा खणखणला, "गर्दी करू नका हो! पावतीसाठी रांगेत या!"