दाढ डर्विनची, स्की डॉक्टरांची

डॉक्टर हॅल्वर्सननी डर्विनची दाढ अर्धी कोरली होती, तेवढ्यात रिसेप्शनवरची ग्रेटा दारातून डोकावली. "डॉक्टर, डोंगरावर चाळीस सेंटिमीटर बर्फ पडलाय. कोरडा, मैद्यासारखा."

फर्नी या स्कीवेड्या डोंगरगावात वीस सेंटिमीटर ताजा बर्फ पडला की दुकानं बंद ठेवायची रीत आहे. चाळीस पडला तर लग्नंही पुढे ढकलतात. डॉक्टरांनी ड्रिल खाली ठेवलं.

"हे बघ डर्विन, बधिरपणा दोन तास टिकेल. स्कीची एक फेरी मारून येऊ."

डर्विनने विरोध केला असता, पण तो आधीच खुर्चीतून उठून बूट चढवत होता. दाढेत कापसाचा बोळा कोंबून दोघं निघाले.

पहिल्याच उतारावर बर्फ छातीपर्यंत उसळत होता. डर्विन अर्ध्या तोंडाने हसत होता. उरलेल्या अर्ध्याला बातमी पोचली नव्हती. तेवढ्यात डॉक्टर कोलांटी खाऊन गडप झाले. वर आले ते एका पायात स्की घेऊन.

अशा बर्फात निसटलेली स्की म्हणजे रव्याच्या पोत्यात पडलेली सुई. एरवी अशा दिवशी कोणी सख्ख्या भावासाठीही थांबत नाही. पण भाऊ दाढ भरत नाही. डर्विन गुडघ्यांवर बसून खणू लागला.

डोक्यावरून, माणसांना शिखराकडे नेणाऱ्या तारेवरच्या लिफ्टच्या खुर्च्या जात होत्या. "काय डॉक्टर, मूळ सापडेना का?" वरून कोणीतरी विचारलं.

दोन तासांनी डर्विनच्या दाढेतून पहिली कळ आली आणि त्याच क्षणी त्याची काठी स्कीला लागली. त्याने विचार केला. ही दिली, तर डॉक्टर थेट शिखरावर. त्याने स्की खांद्यावर टाकली आणि खाली सुटला.

"डर्विन, ती स्की माझी आहे."

"दाढ माझी आहे."

डॉक्टर एका पायावर दवाखान्यापर्यंत आले. नवं इंजेक्शन देऊन, बूटही न काढता, त्यांनी अकरा मिनिटांत दाढ भरली. इतकं सुबक काम त्यांनी उभ्या आयुष्यात केलं नव्हतं.

"कुठेय माझी स्की?"

"दाराबाहेर. माझ्या दोन्हींशेजारी उभी केलीय."

दोघं बाहेर आले. रस्त्यावरचा बर्फ लोटणारी गाडी नुकतीच गेली होती आणि दारासमोर गळ्याइतका ढिगारा होता. तिन्ही स्की त्याखाली गडप.

मागून ग्रेटा आली. तिने दाराला कुलूप लावलं, स्वतःच्या स्की खांद्यावर घेतल्या आणि डॉक्टरांच्या हातात फावडं दिलं.

"खणून झालं की जागेवर ठेवा."