मुख्य पात्राची बोटं

माणसाच्या एका हाताला पाच बोटं असतात, ही गोष्ट आमचा कक्ष स्थापन होण्यापूर्वीही बऱ्याच लोकांना ठाऊक होती. फरक इतकाच, की तेव्हा ती नुसतीच ठाऊक होती. आता तिला नियमाचा आधार आहे (नियम ४, पोटनियम अ).

आमची संस्था मुलांसाठी गोष्टींची पुस्तकं छापते. दोन वर्षांपूर्वी आमच्या एका पुस्तकात सहा बोटांची आजी निघाली. आजी प्रेमळ होती, चष्मा जागच्या जागी होता, मांडीवरचं मांजरही ठीक होतं. पण बोटं सहा. झालं, वाचकांनी पत्रांचा भडिमार केला. ‘यंत्राने काढलेली चित्रं आमच्या मुलांच्या माथी मारता? लाज नाही वाटत?’ असं एकाने विचारलं होतं. हे पत्र त्याने यंत्राकडूनच लिहून घेतलं असावं, कारण शेवटी ‘पत्र याहून कडक हवं असल्यास सांगा’ ही ओळ खोडायची राहून गेली होती. पण वाचक म्हणजे राजा, आणि राजाला हस्ताक्षर विचारायचं नसतं. संचालकांनी तातडीने बैठक बोलावली आणि ‘हस्तनिर्मित चित्र पडताळणी कक्ष’ जन्माला आला. यापुढे आमच्या पुस्तकातलं प्रत्येक चित्र माणसाने काढलेलं असेल आणि तसा शिक्का मुखपृष्ठावर असेल, असं जाहीर झालं.

कक्षात आम्ही तिघं. कक्षप्रमुख साहेब पूर्वी गोदाम सांभाळत, त्यामुळे कुठलीही गोष्ट आत घेताना संशय घ्यायची त्यांना सवय आहे. सल्लागार पूर्वी घरोघर जाऊन पाणी शुद्ध करायची यंत्रं विकायचे, त्यामुळे अस्सल आणि भेसळ यांतला फरक त्यांना लांबून कळतो. तिसरा मी. बावीस वर्षं बाइंडिंग खात्यात पानं मोजली. ज्याला पानं मोजता येतात त्याला बोटंही मोजता येतील, असं साहेब म्हणाले आणि त्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. बोटं तर पानांपेक्षा कमीच असतात. (सुरुवातीचे काही महिने मला घरीही चैन पडेना. बायको ताट पुढे करायची आणि मी तिचे हात मोजायचो. तिने एकदा रागाने मूठ वळली, तेव्हा मी ‘पडताळणी प्रलंबित’ म्हणालो. त्या दिवशी मी जेवलो नाही.)

पडताळणीसाठी ‘नमुना ह’ हा चौदा रकान्यांचा अर्ज आहे. त्यातला पाचवा रकाना सॉफ्टवेअरचा. चित्रकार आता कागदापेक्षा पडद्यावर जास्त काढतात, आणि कुणी कशात चित्र काढतो यावरून माणसाची पारख होते असं सल्लागारांचं मत आहे. आमच्या यादीतल्या शंभर चित्रकारांपैकी एकसष्ट जण दरमहा भाडं भरून वापरायचं मोठं सॉफ्टवेअर वापरतात. चित्र थांबलं तरी भाडं थांबत नाही, त्यामुळे ही मंडळी कायम चिंतेत दिसतात. चिंता हे प्रामाणिकपणाचं लक्षण म्हणून त्यांना दोन गुण जास्त. बावीस जण एकदाच विकत घ्यायचं सॉफ्टवेअर वापरतात. त्यांना त्याविषयी चुकूनही विचारू नये, जेवणाची सुट्टी संपते. सोळा जण फुकटचं वापरतात. बनवणारे ते फुकट का देतात, हे त्यांनी दोन-दोन तास समजावून सांगितलं तरी साहेबांना पटलेलं नाही.

या सर्व सॉफ्टवेअरांत हल्ली आपोआप चित्र काढून देणारं एक बटण येतं. म्हणून नियम ६ असा, की असं बटण असलेलं सॉफ्टवेअर वापरणारा चित्रकार संशयित समजावा. आणि नियम ७ असा, की सॉफ्टवेअरची सर्वांत नवी आवृत्ती नसेल तर अर्ज फेटाळावा. हे दोन्ही नियम एकाच वेळी पाळणारा चित्रकार अजून सापडलेला नाही. पण नियम चांगले असले की माणसं हळूहळू त्यांच्या जोगती होतात.

एकसष्ट, बावीस आणि सोळा मिळून नव्याण्णव होतात. शंभरावी चित्रकारबाई. ती चौदा वर्षं आमच्यासाठी चित्रं काढत होती, पंधरा वर्षांपूर्वीच्या आवृत्तीत, एका जाडजूड संगणकावर. तिच्याकडे बटण नव्हतं.

“नवं का घेत नाही?” साहेबांनी विचारलं होतं.

“घेतलं होतं, साहेब. ते दर पाच मिनिटांनी विचारायचं, मी मदत करू का, मी मदत करू का. इतकं तर माझी सासूसुद्धा विचारत नाही.”

साहेबांनी रकान्यात ‘मदत नाकारते’ असं लिहिलं.

तिने नव्या पुस्तकाच्या मुखपृष्ठासाठी एक चित्र पाठवलं. गोष्ट एका म्हाताऱ्या सुताराची. चित्रात सुतार उजव्या हातात रंधा घेऊन उभा, आणि त्याचा डावा हात एका लहान मुलीने धरलेला. भुशात दोघांची पावलं. मला चित्रातलं फारसं कळत नाही, पण ते पाहून मला उगाचच माझ्या वडिलांची आठवण आली. मग मी शिस्तीत बोटं मोजली. सुताराच्या डाव्या हाताला चारच होती.

नियम ४ अगदी स्पष्ट आहे. बोटं पाचाहून कमी किंवा जास्त असल्यास चित्र यंत्राचं. सल्लागारांनी त्यांच्या तपासणी यंत्रात चित्र टाकलं. (यंत्राचं काम यंत्रच ओळखतं. चोराच्या वाटा चोराला ठाऊक.) उत्तर आलं: सत्त्याऐंशी टक्के यंत्रनिर्मित. आता हे काही साधं प्रकरण नव्हतं. आमच्या यादीतून ज्याचं नाव निघतं, त्याला बाकीच्या सहा संस्थाही काम देत नाहीत. त्यांच्याकडे स्वतःचा कक्ष नाही, ते आमचीच यादी मागवून घेतात. म्हणजे त्या एका बोटावर तिची चौदा वर्षं टांगलेली होती. नियमाप्रमाणे आम्ही तिला सुनावणीला बोलावलं.

ती आली, आणि सोबत वडिलांनाही घेऊन आली.

“डाव्या हाताला चार बोटं आहेत,” साहेब म्हणाले.

“हो. बाबांना चारच आहेत.”

“अनामिका कुठे गेली?”

“करवतीच्या मशीनमध्ये. मी तेव्हा तीन वर्षांची होते.”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी नमुना ह पाहिला. त्यात करवतीसाठी रकाना नव्हता.

तेवढ्यात वडील पुढे झाले आणि त्यांनी हात टेबलावर ठेवला. हातच्या काकणाला आरसा कशाला, असं त्यांना वाटलं असावं. हात मोठा होता, रापलेला होता आणि त्याला चार बोटं होती, याबद्दल कक्षात दुमत नव्हतं. पण साहेबांनी समजावलं, की पडताळणी चित्राची चालली आहे, वडिलांची नाही. वडील खरे आहेत म्हणून चित्र खरं ठरत नाही. तरी खातरजमा म्हणून सल्लागारांनी त्या हाताचा फोटो काढून यंत्रात टाकला. उत्तर आलं: एक्क्याण्णव टक्के यंत्रनिर्मित.

“म्हणजे बाबा चित्राहून जास्त खोटे?” ती म्हणाली.

“चार टक्क्यांनी,” सल्लागार म्हणाले. ते आकड्यांत कधी चुकत नाहीत.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं. मग अर्धा तास साहेब आणि सल्लागार नियमांची चर्चा करत राहिले. सुनावणीचं आमचं टेबल पहिल्या दिवसापासून डुगडुगतं, आणि साहेब मुद्द्यावर मूठ आपटत तसं ते जास्तच डुगडुगू लागलं. म्हाताऱ्याला ते बघवेना. तो खाली वाकला, खिशातून लाकडाची एक चपटी पाचर काढली, पायाखाली सरकवून अंगठ्याने दाबली आणि टेबल हलवून पाहिलं. ते हललं नाही. ‘सदर हात अस्तित्वात असण्याबाबत साशंकता’ हे वाक्य मी त्या टेबलावर लिहिलं आणि कक्षात आल्यापासून पहिल्यांदा माझी ओळ सरळ आली.

साहेब मनाने वाईट नाहीत. त्यांनी तोडगा काढला. “बाई, कशाला वाढवता? आणखी एक बोट काढून द्या. पाच मिनिटांचं काम.”

“तिथे जागा नाही, साहेब.”

“का?”

“तिथे मुलीचं बोट आहे. नीट बघा.”

आम्ही नीट बघितलं (नियमात बघणं नाही, मोजणं आहे, पण अपवाद केला). म्हाताऱ्याच्या बोटांमध्ये जिथे जागा रिकामी होती, तिथे मुलीचं इवलंसं बोट अडकवलेलं होतं.

“शाळेत जाताना मी बाबांचा हात असाच धरायचे,” ती म्हणाली. “माझं बोट तिथे बरोब्बर बसायचं. मैत्रिणींच्या बाबांचा हात धरून बघितला होता मी, नाही बसायचं. मी समजायचे, माझ्यासाठीच ती जागा ठेवलीय. ते बोट तिथून हटवलं तर चित्रात उरतं काय?”

“सुतार उरतो,” साहेब म्हणाले. “गोष्ट सुताराची आहे.”

ती उठली. मग म्हणाली, “चल बाबा,” आणि दारातून वळून, “माझं नाव काढून टाका.” साहेबांनी ‘स्वेच्छेने माघार’ असं नोंदवलं. इतक्या कमी वेळात निकाली निघालेलं हे आमचं पहिलंच प्रकरण.

चित्र मात्र आमच्याकडे जमा होतं, आणि करारानुसार किरकोळ दुरुस्तीचा हक्क संस्थेला होता. बोट ही किरकोळ बाब आहे का, यावर चर्चा झाली. अंगठा असता तर गोष्ट वेगळी, अनामिका किरकोळच, असं ठरलं. पण काढणार कोण? यादीतले नव्याण्णव चित्रकार आपापलं निर्दोषत्व सिद्ध करण्यात गुंतले होते. शेवटी सल्लागारांनी त्यांच्या संगणकावरचं ते बटण दाखवलं. मी ‘सुताराच्या डाव्या हाताला पाचवं बोट द्या’ असं टंकित केलं आणि बटण दाबलं. हो, मीच दाबलं. अकरा सेकंद लागले. चित्र तपासणी यंत्रात टाकलं: फक्त तीन टक्के यंत्रनिर्मित. साहेबांनी स्वतःच्या हाताने ‘हस्तनिर्मित’ शिक्का मारला आणि सर्वांना चहा सांगितला.

पुस्तक आलं, खपलं, दुसरी आवृत्ती निघाली. आणि एक दिवस म्हातारा सुतार पुस्तक काखेत घेऊन कक्षात आला. साहेब बैठकीला होते. त्याने पुस्तक टेबलावर माझ्यासमोर ठेवलं.

“नातीला वाचायला घेतलं,” तो म्हणाला. “छान छापलंय.”

मी आभार मानले.

“मला बोट दिलंत.”

“नियमाप्रमाणे,” मी म्हणालो.

“ते ठीक. पण साहेब, पोरीची बोटं मोजा की.”

मी मोजली. डाव्या हाताला पाच. उजव्या हाताला, म्हणजे ज्या हाताने तिने सुताराला धरलं होतं त्याला, चार. परत मोजली. बावीस वर्षं पानं मोजलेला माणूस मी, चूक होणार नव्हती. म्हाताऱ्याला द्यायला यंत्राने बोट आणलं कुठून, तर जवळच होतं तिथून.

“माझं बोट मशीनने घेतलं, त्यात चूक माझी होती,” म्हातारा म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, तोच जास्त लागला. “माझं लक्ष नव्हतं. पोरीचं घेतलं, तेव्हा लक्ष कुणाचं नव्हतं?”

मी नमुना ह काढला. रकाना नऊ: ‘मुख्य पात्राची बोटं’. त्यात माझ्या अक्षरात ‘दहा’ असं लिहिलेलं होतं, आणि ते बरोबर होतं. दुय्यम पात्रांसाठी रकाना नाही. शिवाय आधीच्या चित्रात दोघांची मिळून एकोणीस बोटं होती, आताही एकोणीसच आहेत. म्हणजे हिशेबात काहीच कमी-जास्त नाही. हे सगळं मी त्याला सांगणार होतो. पण मी नमुना ह मिटून ठेवला. मला लाज वाटली, दुसरं काही नाही.

“बाई काय करतात हल्ली?” मी विचारलं.

“माझ्यासोबत असते, दुकानात. पॉलिश करते. हात चांगलाय तिचा.” त्याने टेबलाचा कोपरा दाबून पाहिला. “हलत नाही ना आता?”

“नाही.”

“बरं,” म्हणून तो गेला. पुस्तक इथेच ठेवून गेला.

या पुस्तकाबद्दल आमच्याकडे आजवर चारशे बारा पत्रं आली आहेत. तक्रारीचं एकही नाही. ‘अखेर खऱ्या माणसाने काढलेलं चित्र! पाहताक्षणी ओळखू येतं,’ असं तीनशेहून अधिक जणांनी लिहिलं आहे. त्यात तुमचंही पत्र आहे. सुताराची दहाच्या दहा बोटं मोजली आणि मगच पुस्तक मुलीच्या हातात दिलं, असं तुम्ही आवर्जून कळवलं आहे. इतकं बारकाईने हल्ली कोण बघतं? मी बाइंडिंग खात्यात परत जाण्यासाठी अर्ज दिला आहे आणि तो मंजूर होईलसं दिसतं. त्यामुळे कक्षात माझी जागा रिकामी होते आहे. साहेबांनी नाव सुचवायला सांगितलं, तेव्हा मी तुमचं पत्र त्यांच्यापुढे ठेवलं. सोमवारी हजर व्हावं. टेबल चांगलं आहे, हलत नाही.