सीआरपीची पैज

बाबांना तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरवायचा तिचा प्लॅन इतका पक्का होता, की त्यांच्यासाठी तिने आपल्या घरातली मागची खोली आधीच रिकामी करून टाकली होती! बाबांना अजून यातलं काही माहीत नव्हतं, पण तो किरकोळ तपशील झाला.

बाबा म्हणजे निवृत्त ड्रिल मास्तर. आई गेल्यापासून एकटेच राहायचे. इमारतीला लिफ्ट नाही, आणि घरातसुद्धा गळ्यात शिट्टी! इकडे तिचा नवरा बारा महिने फिरतीवर, आणि कडेवर ठमी. ठमी चालायला शिकली होती, झोपायला शिकायची बाकी होती. "बाबांना आता एकटं ठेवणं बरं नाही," असं ती सगळ्यांना सांगायची. ठमीला धरायला दोन हात मिळतील, एवढं मात्र ती कुणालाच सांगायची नाही.

एकदा ठमीला थोपटता थोपटता फोनवर तिला सीआरपी नावाची रक्ततपासणी सापडली. अंगात कुठे दाह धुमसत असला की हा आकडा चढतो, आणि तो कायम थोडा चढलेलाच राहिला तर हृदयाला धोका असू शकतो. ती खूश झाली. बाबांच्या वयाला आकडा थोडा तरी वर असणारच!

"बाबा, आकडा जास्त आला तर मुकाट्याने माझ्याकडे राहायला यायचं."

"आणि माझ्या एकट्याचीच परीक्षा होय? तूही रक्त दे. ज्याचा आकडा जास्त, त्याने दुसऱ्याच्या घरी जायचं आणि तो सांगेल ते ऐकायचं."

"कबूल!" ती म्हणाली. तरुण मुलीला कसली भीती?

लॅबमध्ये बाबांनी छाती पुढे काढून हात दिला. तिची पाळी आली तेव्हा सुई पाहून ठमीने असा सूर लावला, की बाहेरच्या बाकावरचे दोन पेशंट उठून निघूनच गेले.

"तुम्ही नंतर या," लॅबवाल्या बाई कानांवर हात ठेवून म्हणाल्या.

बाबांचा रिपोर्ट आला. आकडा थोडा चढलेला नव्हता, गच्चीवर जाऊन बसला होता! पैज जिंकल्याचा आनंद कुठल्या कुठे पळाला. आईच्या वेळी असाच एक कागद हातात आला होता. बाबांची बॅग भरताना तिला काही दिसेना, म्हणून तिने एका पायाचे चार मोजे भरले.

बाबा मागच्या खोलीत आले आणि तिची ड्यूटी सुरू झाली. मीठ बंद, तेल बंद, जिना बंद, शिट्टी तर जप्तच! ते फिरायला पळतील म्हणून तिने त्यांच्या चपला कपाटात कोंडल्या. दुपारी त्यांचा डोळा लागला की ही नाकाशी आरसा धरून उभी.

"अगं, मी जिवंत आहे!"

"बोलू नका, ताण येतो!"

"ठमीला तरी दे इकडे."

"वजन उचलायचं नाही!"

म्हणजे दोन हात मिळायचे राहिले बाजूला, सांभाळायला आणखी एक बाळ आलं, तेही वाद घालणारं!

शेवटी डॉक्टरीणबाईंची वेळ मिळाली. रिपोर्ट बघून त्यांनी विचारलं, "तपासणीच्या आधी सर्दी, ताप, काही लागलं होतं? जड व्यायाम?"

बाबा छताकडे बघू लागले.

"बाबा!"

"सराव केला थोडा. परीक्षेच्या आदल्या दिवशी सराव करायचा नाही तर काय करायचं?"

"कसला सराव?"

"आमच्या जिन्यातल्या सगळ्यांचे पाण्याचे जार वर नेऊन दिले. पळत."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "आजोबा, ही तपासणी म्हणजे धुराची घंटा आहे. धूर आहे एवढंच सांगते. कुठे आणि कशाचा, ते नाही सांगत. सवय नसताना एवढं ओझं वाहिलंत, तर अंगातला प्रत्येक स्नायू बोंब मारणारच! दोन आठवडे आराम करा आणि पुन्हा रक्त द्या. मग बघू हृदयाचं."

हसावं की बाबांना रागवावं, ते तिला कळेना. म्हणून तिने रडून घेतलं. ठमीनेही साथ दिली.

दोन आठवड्यांनी बाबांनी पुन्हा हात पुढे केला. या वेळी ठमीला शिट्टी देऊन गप्प बसवली होती. "आता तू," ते म्हणाले. "परीक्षा बुडवलीस म्हणून पास होत नाहीस!"

बाबांचा आकडा शहाण्यासारखा खाली उतरला होता. तिचा गच्चीवर!

"तोंड उघडा बरं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

तिने उघडलं. डावीकडची दाढ गेले कित्येक महिने सुजलेली होती. लवंग दाबून, उजवीकडून चावून आणि 'ठमी जरा मोठी झाली की दाखवू' असं म्हणून तिने ती बरी केली होती, असा तिचा समज होता.

आरशाची तक्रार बाबांनी त्यांच्या कानावर आधीच घातली होती. "दुसऱ्याच्या नाकाशी आरसा धरता," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "एकदा स्वतःच्या तोंडातही बघायचा! आधी दाढेचं बघा, मग पुन्हा तपासू."

घरी येऊन बाबांनी तिची बॅग भरली. मोजे जोडीने.

ठमीला बाबांनी आधीच त्यांच्या तिसऱ्या मजल्यावर नेलं होतं. हातात फक्त पर्स असूनही दुसऱ्या मजल्यावर तिचा भाता झाला. वरून शिट्टी वाजली. "गुडघे वर! दम मोजून!" कठड्यावरून दोन तोंडं खाली बघत होती, एक बाळासारखं तोंडभर हसणारं आणि एक खरंच बाळाचं, जेमतेम चार दातांचं.

दातांच्या डॉक्टरांनी दाढेचा निकाल लावला. बाबांचे हुकूम सुरू झाले: गार खायचं, बोलायचं नाही, झोपायचं. ठमी दिवसभर आजोबांच्या खांद्यावर. आणि ती झोपली! अशी झोपली, की जागी झाल्यावर आपण कोण, कुठल्या, कुणाच्या, हे आठवायलाही जरा वेळ लागला.

सूज उतरली, टाके निघाले, आकडाही खाली आला. सकाळी बाबा दारात उभे राहिले. "काय, निघायचं ना आज घरी?"

आतून ठमीच्या खिदळण्याचा आवाज येत होता. तिने उशीत तोंड खुपसलं आणि गालावर हात दाबून धरला. "नको हो बाबा. अजून जाम ठणकतंय."

बाबांनी क्षणभर तिच्याकडे बघितलं. मग पांघरूण नीट केलं आणि जाता जाता म्हणाले, "झोप. पण दाढ डावीकडची होती."