टाचणी कितव्या पायरीला?

गणिताच्या मास्तरांनी घरच्या कम्प्युटरवर लिनक्स घातलं होतं. ते फुकट मिळतं यापेक्षा ते शेजाऱ्यांना जमत नाही, याचा त्यांना जास्त आनंद होता. त्यामुळे ब्रॉडबँड जोडायला आलेल्या माणसाने राउटरची डबी भिंतीवर बसवली, तिची वायर कम्प्युटरला लावली आणि "झालं, वापरा" म्हणून तो जिना उतरला, तेव्हा मास्तरांचा चेहराच पडला.

"लागलं की हो नेट," पडद्याच्या कोपऱ्यातली खूण पाहून बायको म्हणाली. चार वाजता याच कम्प्युटरवर तिची मुलाखत होती, त्याच ब्रॉडबँड कंपनीच्या तक्रार विभागासाठी. मुलं हाताशी आल्यावर ती पहिल्यांदाच नोकरीला निघाली होती आणि ही नोकरी तिला मनापासून हवी होती.

"पायऱ्या न करता लागेलच कसं?" मास्तर म्हणाले. पायऱ्या न लिहिता बरोबर उत्तर काढणाऱ्याला ते वर्गात शून्य देत. घरात वेगळा न्याय लावणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं.

जुन्या काळी नेट जोडायची सगळी कृती त्यांना तोंडपाठ होती. डबीने नाव आणि पासवर्ड देऊन जोडणी केव्हाच केली होती. मास्तर आता तेच नाव आणि तोच पासवर्ड कम्प्युटरमधूनही देऊ लागले. एका नावावर एकालाच आत घ्यायचं, हा कंपनीचा नियम. कम्प्युटर आत गेला की डबी बाहेर, डबी आत गेली की कम्प्युटर बाहेर. लिनक्सला जरा समजून घ्यावं लागतं, असं मास्तरांनी बायकोला ऐकवलं. मग पाटी कोरी करावी म्हणून त्यांनी डबीच्या मागच्या भोकात टाचणी खुपसली. पाटी कोरी झाली. नाव, पासवर्ड, सगळं विसरून डबी एक लाल दिवा लावून बसली.

"अहो, आता?"

"आता पहिल्यापासून," मास्तर खुशीत म्हणाले.

बायकोला रडू येत होतं, पण चार वाजत आले होते. तिने स्वयंपाकघरात जाऊन मोबाइल पिठाच्या डब्याला टेकवला आणि मोबाइलच्याच नेटवर मुलाखत दिली. गिऱ्हाईक दीडशहाणं निघालं, काही ऐकेचना, तर काय कराल, असं तिला शेवटी विचारलं. तिने दारातून पाहिलं. मास्तर वायर हातात धरून टेबलाखाली बसले होते.

"तुमचं बरोबर आहे म्हणेन," ती म्हणाली, "आणि काम आपलं आपण उरकून घेईन."

नोकरी लागली. पहिल्या दिवशी तिने हेडफोन कानाला लावला, तर पहिलाच आवाज ओळखीचा. नेट आपोआप गेलं, मी कशालाही हात लावलेला नाही, असं तो ठासून सांगत होता.

"तुमचं बरोबर आहे, सर," ती म्हणाली. "टाचणी कितव्या पायरीला घातलीत, तेवढं सांगा."



"सहाव्या," मास्तर म्हणाले. "पण आधीच्या पाच बरोबर आहेत."