बाभूळवंशी दाणे आणि अडलेल्या नळीचे वर्तमान

अग्नीस नमन, ज्याच्या तापे घट्ट ते पातळ होते. आणि गुंत्यास नमन, ज्याच्या धाके पातळ जाहलेलेही हटून बसते. शके एकोणीसशे चाळीस, विलंबी नाम संवत्सर, वैशाख शुद्ध प्रतिपदा. ते समयी एका राज्यात प्लास्टिकाच्या नळ्यांचा कारखाना नांदत होता, आणि हुजुरांची आज्ञा जाहली की, टेकडीवरील वाडीस पाणी नाही, बायका दीड कोस उतरून हंडे वाहतात, तरी दशमीपर्यंत दोन कोस नळी पोहोचवणे, हयगय न करणे. मग कारखान्याचे कारभारी चिंतोपंत सबनीस यांनी, नळी मजबूत तर दाणा मजबूत पाहिजे, ऐसा विचार करून, कोणास न पुसता प्लास्टिकाचे नवेच दाणे आणविले. जुन्या दाण्यातील रेणू म्हणजे सरळ धागे. नव्यातील रेणू अतिलांब आणि त्यांस बाभळीसारख्या फांद्या. पंत संतोष पावले आणि बोलिले, "जितके लांब तितके बळ!"

मग दाणे यंत्री घातले, वितळले, आणि तोंडाशी येऊन बसले ते हलेनात. यंत्रावर रखमाजी पांचाळ मिस्त्री, तीस वर्षांचे जाणते, ते धावत आले आणि म्हणाले, "पंत, यंत्र कण्हतंय." पंत म्हणाले, "कण्हू द्या. ताप वाढवा." ताप वाढविला तो धूर जाहला, आणि पंत खोकत खोकत बोलिले, "आता वेग वाढवा!" वेग वाढविला आणि नळी निघाली ती पीळ खात, वेटोळी घेत, साक्षात जिलबी. रखमाजी म्हणाले, "ह्यातनं वर चढता चढता पाण्याला भोवळ येईल." ऐसे चार दिवस गेले, आणि वाडीच्या सरपंच ठकूबाई खुद्द दरवाजी येऊन बसल्या. पंतांनी भीत भीत नळी दाखविली. ठकूबाईंनी ती उलटीसुलटी पाहिली आणि पुसले, "ही आमी आता पाकात टाकावी का काय?"

हे हुजुरांस कळले, आणि प्रयोगशाळेच्या सुलोचनाबाई टिळेकर यांस पाचारण जाहले. बाई विद्येने थोर, बोलण्यात थोडक्या. त्यांनी मुदपाकखान्यातून उकडलेल्या शेवयांचे ताट आणविले आणि एक शेवई हलके ओढली, ती सापासारखी सरकत सुटून आली. मग म्हणाल्या, "सरळ धागा असा वाट काढतो. तरी तो दुप्पट लांब केला तर वाहण्याचा त्रास दहापट होतो. आणि फांद्या असल्या तर?" ऐसे म्हणून बाभळीच्या फांद्यांचा ढीग आणविला आणि पंतांस आज्ञा केली, "यातली एक काढा." पंतांनी ओढली तो अवघा ढीग चालून आला, आणि उपरणे गुंतले, आणि ते सोडवू जाता धोतरही गुंतले, आणि रखमाजींनी कात्री आणेपर्यंत पंत त्या ढिगात बाभळीच्याच जातीचे होऊन उभे राहिले. बाई म्हणाल्या, "तुमच्या दाण्यांचं हेच झालंय. फांदी आत ओढून घेतल्याशिवाय पुढं सरकताच येत नाही."

पंत सुटले ते थेट दुसऱ्या टोकास गेले. बाईंस न पुसता त्यांनी आखूडात आखूड रेणूंचे दाणे घातले, आणि नळी ताकासारखी झरझर वाहिली, सरळ निघाली, आणि पंतांनी विजयमुद्रेने तीवर पाऊल ठेविले तो पापडासारखी मोडली. पंत मटकन खाली बसले आणि म्हणाले, "बाई, आता माझी मती गुंतली. वाडीला तोंड कसं दाखवू?" तेव्हा बाई हसल्या नाहीत, जवळ बसल्या आणि बोलिल्या, "अहो, गुंता वाईट नव्हे पंत. गुंत्यानंच नळी एकसंध राहते. फक्त तो यंत्राला झेपेल इतकाच हवा." मग लांब सरळ धाग्यांचे दाणे मुख्य केले, त्यांत आखूड धाग्यांचे थोडके मिसळले, फांदीवाले वगळले, आणि रखमाजींनी यंत्र संथ चालविले. नळी गुळगुळीत निघाली. ठकूबाई तीवर उभ्या राहिल्या, दोनदा उड्याही मारल्या, आणि म्हणाल्या, "हां, ही नळी."

दशमी हुकली, द्वादशीस पाणी वाडीवर चढले. पहिला हंडा भरून ठकूबाईंनी तो पंतांच्या डोक्यावर दिला आणि दीड कोस खाली चालविले, बायकांची रोजची वाट ठाऊक असावी म्हणून. पंत गेले, आणि परत येऊन तीन दिवस मान धरून निजले.

एवंच, धाग्यांचा आकार न जाणता ताप आणि वेग वाढविता कार्य नासले. आकार जाणून संथ चालता सिद्धीस गेले. घडले तैसे लिहिले.